लाईन पहिल्या बेडपासून

डायलिसिसच्या कामात माणूस जसजसा वर चढतो तसतसे त्याचे हात कोरडे होत जातात. मी लागले तेव्हा माझे हात दिवसभर ओले असायचे. किडन्या गेलेल्या पेशंटचं रक्त मशीनवर ज्या नळकांड्यातून गाळून निघतं त्याला आम्ही फिल्टर म्हणतो, आणि एका पेशंटचा फिल्टर धुऊन पुढच्या वेळी त्याच पेशंटला वापरतात. ते धुणं माझ्याकडे होतं. मोरीएवढी खोली, खिडकी नाही, रबरी हातमोजे, रबरी एप्रन, आणि फिल्टरमध्ये भरायच्या औषधाचा असा उग्र दर्प की घरी येऊन वरणभात कालवला तरी नाकात तोच. डिप्लोमा करून आलेली मुलगी, आणि काम काय तर घासा आणि विसळा. पहिल्याच आठवड्यात मी दोनदा राजीनामा देऊन टाकला होता, अर्थात मनातल्या मनात.

बाबा नातेवाइकांना सांगायचे, "हॉस्पिटलात टेक्निकल साइडला आहे." मी स्वयंपाकघरातून ओरडायचे, "धुणीभांडी साइडला म्हणा!"

धुण्यातून सुटलं की मशीन लावायला देतात. नळ्या जोडायच्या, त्यातली हवा काढायची, बीपी घ्यायचं. मग कितीतरी महिन्यांनी सुई. पेशंटच्या हातावर शीर फुगवून तयार केलेली असते, तिच्यात जाड सुई घालायची, आणि ती एका झटक्यात बसली नाही तर पेशंट जन्मभर तुमचं तोंड लक्षात ठेवतो. मला पहिली सुई मिळाली त्या दिवशी मी वाकडी वाट करून गौलीगुड्याला गेले आणि स्वतःलाच मोगऱ्याचा गजरा घेतला. मग सीनिअर झाले, मग शिफ्ट माझ्याकडे आली. त्याच्या वर एकच जागा होती. हॉलच्या टोकाला काचेमागे एक टेबल आणि खुर्ची. युनिट इन-चार्ज. तिथे अक्का बसायच्या.

अक्का तेलुगू, आडव्या बांध्याच्या, बोलायला कमी. त्यांच्या तोंडून शाबासकी मी कधी ऐकली नाही. पण पाण्याच्या बाबतीत ती बाई कुणाच्या बापाला ऐकायची नाही. डायलिसिसमध्ये फिल्टरच्या आतल्या पडद्याच्या एका बाजूने रक्त जातं आणि दुसऱ्या बाजूने पाणी. त्या पाण्यात क्लोरीन राहिलं तर ते पडदा ओलांडून रक्तात जातं आणि रक्ताच्या पेशी फोडतं. माणूस खाटेवर पडल्यापडल्या जातो. म्हणून मशीनकडे येणारं पाणी आधी कोळशाच्या दोन मोठ्या टाक्यांतून जातं. पहिली टाकी क्लोरीन धरते, दुसरी पहिलीची राखण करते. उन्हाळ्यात नळाचं पाणी पुरत नाही, टँकर येतात, आणि टँकरवाले ब्लीचिंग पावडर टाकताना हात आखडत नाहीत. म्हणून अक्कांचा नियम होता की टँकर आला की इन-चार्जने स्वतः खाली जायचं, पाणी तपासायचं, मगच झडप उघडू द्यायची. आणि कधी शंका आली तर सगळी मशीनं थांबवायची. एकाने टाक्यांकडे धावायचं, दुसऱ्याने बेडच्या रांगेतून. "पाणी खिडकीकडून येतं," अक्का म्हणायच्या, "आपणही खिडकीकडूनच जायचं." खिडकीलगतच्या भिंतीमागे टाक्या होत्या, त्यामुळे पहिल्या बेडच्या मशीनला पाणी सगळ्यात आधी पोचायचं आणि दाराजवळच्या शेवटच्या बेडला सगळ्यात शेवटी.

पहिला बेड बाबांचा होता.

साखरेने त्यांच्या किडन्या खाल्ल्या. बरकतपुऱ्यातल्या घरात आम्ही दोघंच. आई गेलेली, आणि माझ्या लग्नाचा विषय काढणाऱ्याला मी चहासुद्धा विचारत नसे. त्यांना दुसऱ्या हॉस्पिटलात नेणं मला जमण्यासारखं नव्हतं, म्हणून आठवड्यातून तीनदा ते माझ्याबरोबर रिक्षात बसून नल्लकुंट्याच्या पुढे आमच्या युनिटला यायचे. मी त्यांना सुई टोचत नसे. ते माझ्याबरोबरचा दुसरा सीनिअर करायचा. खिडकीचा बेड बाबांनी मागितला नव्हता, रिकामा होता म्हणून मिळाला. पण मिळाल्यावर त्यांनी तो आपलासा केला. खाली गल्लीत कोण आलं, कोण गेलं, कुणी स्कूटर कुठे आडवी लावली, सगळी खबर त्यांच्याकडे.

बाबांची नोकरी सरकारी. ज्युनिअर क्लार्क म्हणून चिकटले आणि सुपरिटेंडेंट म्हणून उतरले. वर जायला हवे होते, गेले नाहीत. का गेले नाहीत याचं कारण घरात एका वाक्यात सांगितलं जायचं की बाबांनी कुणाचं केलं नाही आणि म्हणून कुणी बाबांचं केलं नाही. हे वाक्य आजोबांच्या बाबतीतही सांगितलं जायचं. आमच्या घराण्यात खुर्चीवर बसलेल्या माणसाला एक वळण असतं. आपल्या माणसाचं काम सगळ्यात शेवटी करायचं, म्हणजे कुणाला बोट दाखवायला जागा नको. काकांच्या बदलीची फाईल बाबांच्या टेबलावर आली तेव्हा बाबांनी ती गठ्ठ्याच्या तळाशी घातली. परक्यांच्या सगळ्या निघाल्या, मग काकांची. तोवर चांगली जागा गेली होती. काकूंचं बाळंतपण काका परगावी असताना झालं. काका पुढे आमच्याकडे दिवाळीला आले, पण जेवले नाहीत. आई एवढंच म्हणाली होती, "न्याय केलात हो, पण घरचं माणूस भरडलंत." मला मात्र लहानपणापासून त्या फाईलचा राग आहे. अरे, नंबराने जेव्हा यायची तेव्हा काढायची होती, वर नको आणि खाली पण नको!

अक्का रिटायर व्हायच्या ठरल्या तेव्हा त्यांची जागा मला मिळणार हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणीच बोलत नव्हतं. माझ्याबरोबरचा सीनिअर माझ्यानंतर लागलेला, पण पदवीवाला. मी डिप्लोमावाली. व्यवस्थापनातल्या दोघांना तो हवा होता. अक्कांनी माझं नाव लावून धरलं. अक्कांनी माझ्यासाठी तोंड उघडलं, हे मला तिसऱ्याकडून कळलं आणि मी धुण्याच्या खोलीत जाऊन डोळे पुसून आले.

अक्कांनी गुरुवारी संध्याकाळी किल्ल्या दिल्या आणि मुलीकडे राजमुंद्रीला निघून गेल्या. किल्ल्या मला नाही दिल्या, ॲडमिनिस्ट्रेटर साहेबांना दिल्या, कारण ऑर्डर निघायची होती. शुक्रवारी सकाळी मी नेहमीसारखी शिफ्टवर आले. ऑर्डर साहेबांच्या हातात पडली तेव्हा दहा वाजून गेले होते, आणि साहेब तेलुगूत म्हणाले, "अम्मा, आता राहुकाळ लागतोय. शुक्रवार आहे. बारा वाजले की बसा खुर्चीवर. मी हार मागवलाय."

मला हसू आलं. आमच्याकडे अमावास्या बघतात, राहुकाळ फारसं कुणी बघत नाही. पण या शहरात जन्म काढल्यावर माणूस दुसऱ्याच्या राहुकाळाला मान देतो. साहेब देवमाणूस, आमच्या गणपतीला आरतीला उभे राहायचे. म्हटलं, जाऊ दे, दोन तास काय आणि काय. बाबांना सांगितलं तर त्यांचं भलतंच. "ऑर्डर हातात घेऊन सही केल्याशिवाय खुर्चीला हात लावू नकोस. चार्ज म्हणजे चार्ज." त्यांनी सकाळी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता, मशीनवर पडायचं असताना. सुईच्या हाताची बाही वर सरकवून, कॉलरचं बटण लावून ते पहिल्या बेडवर पडले होते. बारा वाजता पोरीला खुर्चीवर बसलेलं बघायचं होतं त्यांना.

म्हणजे त्या सकाळी अक्का गेलेल्या आणि मी अजून खुर्चीवर आलेली नाही, असं चाललं होतं. साहेबांनी किल्ल्यांचा जुडगा हळदकुंकू लावून खिशात ठेवलेला. त्यात पाणी तपासायच्या औषधाच्या कपाटाची किल्लीही होती. सकाळच्या तपासणीपुरतं औषध अक्कांनी जाताना बाहेर काढून ठेवलं होतं, त्यावर रात्रपाळीवाल्याने ती उरकली होती. पुढची करायला कपाट उघडणार कोण, हे कुणाच्याच डोक्यात आलं नाही, माझ्यासुद्धा.

अकराच्या सुमारास मी बाबांच्या बेडपाशी बीपी बघायला गेले. ते खिडकीकडे मान करून पडले होते.

"टँकर येऊन गेला की गं," ते म्हणाले. "आज अक्का दिसल्या नाहीत खाली."

"टँकर? कधी?"

"मघाशी. वॉचमनने एकट्यानेच पाइप लावला. आणि वास बघ केवढा, डोळ्यांत जातोय."

मी खिडकीपाशी वाकले. खालच्या ओल्या रस्त्यावरून ब्लीचिंगचा भपकारा वर येत होता. वॉचमन रोज इन-चार्जला विचारून झडप उघडायचा. आज इन-चार्जच नव्हती, म्हणून त्याने विचारलं नाही. कुणाला विचारायचं होतं त्याने? हॉल भरलेला होता, प्रत्येक बेडवर माणूस आणि प्रत्येक माणसाचं रक्त नळीत.

साहेब काचेमागे होते. खुर्चीला हार बांधत होते. मी धावत गेले.

"सार्, किल्ल्या द्या. टँकरचं पाणी न तपासता आत गेलंय."

त्यांनी घड्याळ बघितलं. "थोडाच वेळ राहिलाय अम्मा. कोळशाच्या टाक्या आहेत ना? दोन आहेत."

"टाक्यांतल्या कोळशाचा जोर संपतो सार्. मला तपासू द्या. आणि मशीनं बंद करावी लागतील."

"सगळी?" त्यांचा चेहरा उतरला. "चालू डायलिसिस तोडायचं? पेशंटचे लोक बाहेर बसलेत. डॉक्टरांना विचारा."

डॉक्टर ऑपरेशन थिएटरमध्ये होते, फोन वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. पुन्हा तेच. साहेब माझ्या जवळ आले आणि आवाज खाली करून म्हणाले, "ऐका माझं. आता तुम्ही कोण आहात? शिफ्ट सीनिअर. सगळं युनिट थांबवायचा अधिकार इन-चार्जचा नाहीतर डॉक्टरांचा. पाणी चांगलं निघालं तर वर मी काय सांगू? ते म्हणतील, त्या दुसऱ्याला द्या जागा. वरचे दोघं टपून बसलेत, तुम्हाला माहितेय."

माहीत होतं. चांगलंच माहीत होतं. मोरीतून काचेपर्यंत यायला मला निम्मी नोकरी लागली होती आणि ती खुर्ची झेंडूचा हार घालून माझ्यासमोर होती. खरं सांगते, क्षणभर माझे पाय हलले नाहीत. मग पलीकडे कुणाच्या तरी मशीनचा साधाच बझर वाजला आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मग चार्ज घेतला म्हणा मी," मी ओरडले. "आत्ता घेतला! राहुकाळात घेतला! द्या ती किल्ली!"

हॉलमधल्या सगळ्या माना वळल्या. साहेबांनी किल्ल्या टेबलावर ठेवल्या, माझ्या हातात दिल्या नाहीत. मी जुडगा उचलून दुसऱ्या सीनिअरकडे फेकला. "टाक्यांकडे जा. पहिल्या टाकीनंतरचं बघ, मग दुसरीनंतरचं." तो माझा प्रतिस्पर्धी, पण पळाला बिचारा, एक शब्द न बोलता. रांग माझ्याकडे होती.

मशीनवर एक बटण असतं. ते दाबलं की पाणी फिल्टरकडे जायचं थांबतं आणि रक्त नुसतं फिरत राहतं. आधी सगळ्यांची बटणं, मग एकेकाचं रक्त परत देऊन सुया काढायच्या. मी काचेकडून निघाले. सगळ्यात जवळचा बेड शेवटचा, दाराजवळचा. त्यावर एक म्हातारे गृहस्थ होते आणि त्यांचा मुलगा शेजारी उभा होता. मी त्यांच्यावरून पुढे गेले. सगळ्यांवरून पुढे गेले आणि खिडकीपाशी पोचले.

बाबांना सगळं ऐकू गेलं होतं. त्यांनी मोकळा हात उचलून मशीनच्या बटणांवर पंजा ठेवला.

"आधी सगळ्यांचं होऊ दे," ते म्हणाले.

"बाबा, हात काढा."

"लोक बघतायत. माझं शेवटी कर."

"लाईन इथून सुरू होते. पाणी इथे आधी येतं."

"मला कळतंय. तरी शेवटी कर. आजच खुर्चीवर बसणार आहेस तू. तुला बोल लागेल."

असा राग मला आयुष्यात आला नव्हता. काकांची फाईल, आजोबांचं ते वाक्य, सगळं त्या पंज्यात येऊन बसलं होतं. मी त्यांचं मनगट धरलं आणि हात झटकून बाजूला केला. बाबांना मी असा हात कधी लावला नव्हता. त्यांच्या इस्त्रीच्या शर्टाचं बटण तुटून खाली पडलं. "इथे इन-चार्ज मी आहे," मी म्हणाले, आणि बटण दाबलं. मग दुसऱ्या बेडचं, तिसऱ्याचं. एकेक मशीन कोकलायला लागलं. अर्ध्या रांगेपर्यंत आले तर समोर दाराकडून त्या म्हाताऱ्यांच्या मुलाचा आवाज आला, "देखो देखो, पहले अपने बाप को बचा ली! हमारा बाप क्या कचरा है क्या?"

मी थांबले नाही. त्याच्या वडिलांचं बटण शेवटी दाबलं तेव्हा तो माझ्या तोंडाशी बोट नाचवत होता.

दुसरा सीनिअर परत आला. त्याच्या हातात काचेच्या दोन बाटल्या होत्या. औषध टाकल्यावर पहिल्या टाकीनंतरचं पाणी गुलाबी झालेलं, म्हणजे त्यात क्लोरीन होतं, पहिली टाकी हरली होती. दुसरीनंतरचं स्वच्छ. क्लोरीन अजून मशीनपर्यंत पोचलं नव्हतं. दुसरी टाकी किती वेळ टिकली असती? तासभर, किंवा शिफ्ट संपेपर्यंत, किंवा पाचच मिनिटं. कुणालाच सांगता आलं नसतं. मी भिंतीला टेकून खाली बसले. सगळे सुखरूप होते. कुणालाही काही झालं नव्हतं, आणि तीच माझी पंचाईत झाली.

कारण बाहेर एकच बोंब झाली की पाणी चांगलं होतं तरी बाईने सगळ्यांचं डायलिसिस तोडलं, आणि तेही आधी बापाचं सोडवलं. दोन बाटल्यांतला फरक कुणाला समजावणार? साहेबांनी खुर्चीवरचा हार काढून पिशवीत घातला. "पेंडिंग ठेवतो," एवढंच म्हणाले. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. राहुकाळाबद्दल बोलले नाहीत, पण त्यांच्या तोंडावर ते लिहिलेलं होतं.

घरी जाताना रिक्षात बाबा म्हणाले, "सांगितलं होतं तुला."

"बाबा, आज तुम्ही गप्प बसा," मी म्हणाले. ते बसले. मी घरी जाऊन त्यांच्या शर्टाला दुसरं बटण लावलं, रडत लावलं आणि चुकीच्या रंगाचं लावलं.

पुढच्या आठवड्यात मोठ्या डॉक्टरांनी बोलावलं. साहेब होते, व्यवस्थापनातले ते दोघं होते. डॉक्टरांना बाटल्यांचा अर्थ कळत होता, तेवढं माझं नशीब. थांबवलं ते ठीक केलं, ते म्हणाले. मग चष्मा काढून त्यांनी विचारलं, "पण सुरुवात वडिलांपासून का? तक्रार त्याचीच आहे."

"लाईन पहिल्या बेडपासून आहे, म्हणून."

"पहिल्या बेडवर दुसरा कुणी असता तर?"

"तर त्याच्यापासून."

"आणि वडील शेवटच्या बेडवर असते तर?"

"तर शेवटी," मी तडकून म्हणाले. "सगळ्यांचं झाल्यावर."

डॉक्टर हसले. दोन दिवसांनी ऑर्डर माझ्या हातात पडली. साहेबांनी ती वेळ बघूनच दिली, आणि मी पण शहाण्यासारखी वेळ बघूनच घेतली. या खेपेला हार नव्हता. मी खुर्चीवर बसले तेव्हा राजमुंद्रीहून अक्कांचा फोन आला. त्यांनी विचारलं, "पहिल्या टाकीतला कोळसा बदललास का?" बदलला म्हटल्यावर त्यांनी फोन ठेवला.

घरी आल्यावर मी बाबांना सगळं साभिनय सांगितलं. डॉक्टरांचा चष्मा, साहेबांचं तोंड, माझं उत्तर. "'तर शेवटी,' मी म्हटलं त्यांना. तोंड बंद!" बाबा ताटातला भात चिवडत ऐकत होते. एकदा त्यांनी विचारलं, "असंच म्हणालीस? शेवटी?" मी म्हटलं, हो, असंच. ते म्हणाले, "छान बोललीस." त्यांनी मला कधी छान म्हटलेलं नव्हतं. मी उठून त्यांना आणखी ताक वाढलं.

पुढच्या वेळी आम्ही रिक्षातून एकत्रच उतरलो. मी काचेमागे जाऊन सकाळच्या कामाला लागले. थोड्या वेळाने हॉलमध्ये चक्कर मारली, तर खिडकीच्या बेडवर ते म्हातारे गृहस्थ झोपलेले होते, त्यांचा मुलगा खिडकीत कोपर टेकून उभा. आणि बाबा दाराजवळच्या शेवटच्या बेडवर. त्यांच्यासमोर भिंत होती आणि येणाऱ्याजाणाऱ्याचा धक्का बेडला लागत होता. सुई घालून झाली होती, मशीन चालू होतं.

"इथे कुणी झोपवलं तुम्हाला?"

"मीच मागून घेतला. त्यांच्याशी बोललो मघाशी. त्यांना खिडकी हवी होती."

"उठा. म्हणजे, आज राहू द्या. पुढच्या वेळी परत तिकडे."

"का?"

"मी सांगते म्हणून. बेड मी ठरवते इथे."

"दोन पेशंटनी राजीखुशीने बदललाय. इन-चार्ज त्यात काय म्हणून पडणार?" बाबांचा आवाज थेट त्यांच्या कचेरीतला होता. मग तो खाली आला. "तूच म्हणालीस ना, जिथे असेल तिथे नंबराने. आता तुला पुढे कधी कुणाला उत्तर द्यावं लागणार नाही."

माझाच नियम होता तो. त्यांनी फाईल पुन्हा गठ्ठ्याच्या तळाशी घातली होती, आणि आता गठ्ठा माझ्या टेबलावर होता. मला त्यांना गदागदा हलवावंसं वाटलं. त्यांच्या पायांवर डोकं ठेवावंसंही वाटलं. मी त्यांची चादर नीट केली आणि काचेमागे गेले.

उन्हाळा अजून सरला नव्हता. टँकर येत होते, मी दर वेळी खाली जात होते, आणि वॉचमन मला विचारल्याशिवाय झडपेला हात लावत नव्हता. तरी एका दुपारी, टँकर आलेला नसताना, नळाच्याच पाण्यावर पहिल्या टाकीनंतरची बाटली गुलाबी झाली. दुसऱ्या टाकीचंही पाणी या वेळी किंचित, अगदी किंचित गुलाबी वाटलं. उजेडाकडे धरलं तर वाटे आहे, सावलीत धरलं तर वाटे नाही. मी कुणाला विचारायला थांबले नाही. दुसऱ्या सीनिअरला टाक्यांकडे पाठवलं आणि काचेचं दार उघडून बाहेर आले.

दारातून बाहेर पडलं की सगळ्यात आधी लागतो तो शेवटचा बेड, आता बाबांचा. मी त्यांच्या इतक्या जवळून गेले की माझी ओढणी त्यांच्या बेडच्या दांड्याला अडकली. हात लांब केला असता तर बटण होतं. मी ओढणी सोडवली आणि खिडकीकडे पळत गेले. त्या म्हाताऱ्यांचं बटण दाबलं. त्यांचा मुलगा तिथेच उभा होता. तो माझ्याकडे बघत होता, मग हॉलच्या दुसऱ्या टोकाकडे बघायला लागला. या वेळी त्याने बोट उचललं नाही. "मॅडम," तो हळूच म्हणाला, "वालिद साब उधर हैं आपके."

"मालूम है," मी म्हणाले आणि पुढच्या बेडकडे गेले. मग त्याच्या पुढच्या. रांग कधी इतकी लांब नव्हती. एका मशीनचं बटण अडकलं, दोनदा दाबावं लागलं. एक बाई घाबरून हात हलवायला लागल्या, त्यांना धरून ठेवावं लागलं. मी मान वर करून दाराकडे बघत नव्हते, कारण बघितलं असतं तर मी मधले बेड सोडून पळाले असते, मग नियम गेला चुलीत.

बाबा छताकडे बघत पडले होते. मोकळा हात त्यांनी चादरीखाली ठेवला होता. मी पोचले तेव्हा त्यांनी मान वळवली.

"झालं सगळ्यांचं?" त्यांनी विचारलं.

"झालं."

"मग कर आता माझं," बाबा म्हणाले.